पुरात भिजलेला देव्हारा उघडायला घेतलाय. चिखलाची रेघ काढू की ठेवू?

वाशिष्ठीकाठचा (५ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. मी लाकडाचा माणूस नाही, गाड्यांचा. तेहतीस वर्षं डेपोत मेकॅनिक होतो, या मार्चमध्ये निवृत्त झालो. त्यामुळे प्रश्न अडाण्याचा वाटला तर सांभाळून घ्या.

चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा आमच्या घरात पाच फूट पाणी होतं. मी देवरुखला ड्यूटीवर. महामार्ग बंद, फोन बंद. घरी ही आणि आई, आईचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. शेजारच्या पोराने आईला पाठुंगळी घेऊन स्वतःच्या गच्चीवर नेलं आणि हिने देव ओच्यात बांधून घेतले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन टाक, शाळीग्राम, शंख. देव्हारा राहिला, तो काय ओच्यात मावणार.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. गल्लीत माणसापेक्षा उंच ढीग होते. गाद्या, फ्रिज, वह्या, तांदूळ, आणि प्लायवूडची कपाटं, पुस्तकाची पानं सुटावीत तशी पदरापदराने सुटलेली. आमचंही बरंच सामान मी त्याच ढिगावर टाकलं. देव्हारा टाकायला उचलला तेव्हा गच्चीवरून आई बघत होती. ती काही बोलली नाही. मी तो परत आणून मागच्या पडवीत ठेवला आणि वर ताडपत्री घातली. ती ताडपत्री तीन वर्षं निघाली नाही.

आई त्यानंतर आठ महिन्यांनी गेली. पुराने नाही, वयाने, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यानंतर देवाला हात लावलेला नाही. ही रोज पाटावर देव मांडते, पूजा करते आणि पुन्हा स्टीलच्या डब्यात ठेवते. माझा राग देवावर की स्वतःवर, मला ठाऊक नाही. इंजिन खोलल्याशिवाय आवाज कुठून येतोय ते कळत नाही, त्यातलाच प्रकार.

तर निवृत्तीनंतर परवा ताडपत्री काढली. जॉबकार्डावर लिहावं तशी परिस्थिती लिहितो. सागवानी देव्हारा, उंची पावणेतीन फूट, चार खांब, वर कमान आणि कळस, खाली कापूर-वातींचा खण. आजोबांच्या वेळचा. मागची फळी मी १९९८ साली प्लायची बसवली होती, तिची पोळी झाली आहे. बाकी लाकूड शाबूत, पण सगळे सांधे हलतात. खिळ्यांभोवती काळे डाग. पॉलिश जागोजागी पांढरं पडलंय. डाव्या खांबाच्या बुडाशी टाचणीएवढी भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुसा पडतो. खणाला कधीतरी कुणीतरी निळा ऑइलपेंट फासला आहे, तो आम्ही लहान असतानाचा. आणि कमानीच्या जरा खाली, चारही खांबांवर एकाच उंचीला, चिखलाची रेघ.

ही म्हणते, गणपतीच्या आत चकचकीत करा, नाहीतर मोडीत घाला. रेघ तर आधी घासा म्हणते, पुराची आठवण देवाजवळ कशाला. मला रेघेला हात लावावासा वाटत नाही. का ते विचारू नका. आणि हो, पूजा न करणाऱ्या माणसाने देव्हारा दुरुस्त करावा का, हाही प्रश्न आहेच. तो शेवटी घेतला तरी चालेल.

रंधामास्तर (५ ऑगस्ट)

काका, आधी वाईट बातमी. गणपतीच्या आत होणार नाही. श्रावण-भाद्रपदात कोकणात लाखेचं पॉलिश लावलंत तर हवेतली ओल आत धरून ते पुन्हा पांढरं पडेल. पॉलिश दिवाळीनंतर. तोवर करायला भरपूर आहे.

आम्ही मूळचे संगमेश्वराकडचे सुतार, आता डोंबिवलीत. असे देव्हारे आजा करायचा. पहिलं काम म्हणजे सगळा सुटा करा. घाबरू नका, तो तुम्ही समजता त्याहून सोपा सुटेल. त्या काळी कुसू (लाकडाचं जिभेसारखं टोक) सालीत (ते बसायच्या खाचेत) बसवून वर सरस लावायचे. सरस पाण्याने मऊ होतो, म्हणून पुरानंतर तुमचे सांधे हलायला लागले. लोक याला जुन्या कामाचा दोष म्हणतात. पण म्हणूनच तो आज न फोडता उघडेल आणि पुन्हा जुळेल. आजच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला असता तर लाकूड फाटलं असतं, सांधा सुटला नसता. सांधा हटून बसला तर कापडाचा बोळा गरम पाण्यात भिजवून पिळून त्यावर ठेवा, अर्ध्या तासाने लाकडी हातोडीने टकटक करा. लोखंडी नको. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने खूण करा, हे मेकॅनिकला सांगायला नको.

पॉलिश कसलं आहे ते आधी तपासा. मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कापसाने स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाख आहे. मग घासायची गरजच नाही, स्पिरिटनेच उतरेल आणि कोरीवकाम वाचेल. तुम्ही लोक हातात ८० नंबरचा पॉलिश पेपर घेता आणि मोराची चोच घालवता.

काळे डाग म्हणजे सागातलं टॅनिन आणि खिळ्याचं लोखंड. खिळे काढा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. ते विषारी आहे, हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. नंतर खिळ्यांच्या जागी पितळी स्क्रू.

निळ्या रंगाबद्दल मात्र गंमत करत नाही. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत नव्वद), हा नियम आपल्याकडे लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा, त्यातून तुमच्या लहानपणीचा ऑइलपेंट म्हणजे शिसं असणार असंच धरून चाला. कोरडा घासू नका, जाळून काढू नका. पेंट रिमूव्हर लावून ओलाच खरवडा, तोंडाला चांगला मास्क, नातवंडं लांब.

भोकांत सिरिंजने वाळवीचं औषध घाला आणि तो खांब प्लास्टिकमध्ये पंधरा दिवस बांधून ठेवा. भुसा पडायचा थांबला की समजायचं.

रेघेचं तुमचं तुम्ही बघा. एवढंच सांगतो, ती लाकडात शिरलेली असेल तर पूर्ण काढायला दोरा-दोन दोरे लाकूड छिलावं लागेल. खांब बारीक होतील.

फिरकी (६ ऑगस्ट)

देव डब्यात, देव्हारा ताडपत्रीत आणि यजमान मंचावर. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

नित्यनेम (६ ऑगस्ट)

माहिती उत्तम, पण देव्हाऱ्याला सरस? तो जनावरांच्या हाडा-कातड्याचा असतो. जुन्या लोकांना कदाचित ठाऊक नसेल, आपल्याला ठाऊक आहे. जाणूनबुजून लावू नये असं माझं मत. शिवाय देव्हारा उघडण्याआधी गुरुजींना विचारा. देवळाचा जीर्णोद्धार करतात तेव्हा आधी विधी करून देवत्व कलशात घेतात, मगच टाकी लागते. सरळ पाना घेऊन बसायचं नसतं.

रंधामास्तर (६ ऑगस्ट)

नित्यनेम, जुन्या लोकांना ठाऊक होतं. आजा स्वतः सरस शिजवायचा, अख्ख्या आळीला वास जायचा. आणि लाख तरी कुठून येते? पळस, कुसुम, बोरीवरच्या किड्यांच्या अंगातून. देवाच्या अंगावरचं रेशीम कोशातून येतं. मग कापसाचं सोवळं आणि फेव्हिकॉलचा देव्हारा करा. काकांना सरस नको असेल तर नको, पण पुढच्या पुरानंतर तो कुणी उघडू शकणार नाही एवढं लक्षात ठेवा.

वाशिष्ठीकाठचा (६ ऑगस्ट)

भांडू नका. देव आत्ता डब्यात आहेत, देव्हाऱ्यात कुणी नाही. म्हणजे कलशाचं काम हिच्या डब्याने आधीच केलंय.

मास्तर, स्पिरिट लावून पाहिलं, चिकट झालं. लाखच आहे.

पापडीची पोर (८ ऑगस्ट)

काका, मी वसईची. आमच्याकडे देव्हारा नाही, पण येशू-मरियेच्या तसबिरींची काचेची दारं असलेली लाकडी पेटी आहे, भिंतीत बसवलेली. आजीच्या लग्नातली. तिची चौकट वाळवीने खाल्ली होती. भाऊ म्हणाला, राखेच्या बुधवारी काढतो आणि ईस्टरच्या आत बसवतो. या दोन्हींमधला उपवासकाळ चाळीस दिवसांचा, तेवढे दिवस त्याला पुरणार होते, बाकी त्याच्या मनात काही नव्हतं.

पण पेटी काढल्यावर भिंतीवर जो फिकट चौकोन राहिला ना, त्याच्यासमोर आम्ही रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हटली. तसबिरी दुसऱ्या खोलीत होत्या, तिकडे जाऊन म्हणता आली असती. पण आई रोज त्या रिकाम्या चौकोनासमोर गुडघे टेकायची. माझं तर सांगते, मी त्या वर्षी बऱ्याच काळाने खरी प्रार्थना केली. बघायला काही नव्हतं म्हणून असेल. आमच्या चर्चमध्येही त्या काळात शेवटी शेवटी मूर्तींवर जांभळं कापड टाकतात.

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही शेवटी ठेवलात, मी आधी घेते. भाऊ तेव्हा चर्चला जात नव्हता, आजही फारसा जात नाही. पेटी त्याच्याच हातची आहे. आजीने त्याला कधी विचारलं नाही की तू काय मानतोस. फक्त म्हणाली, बिजागरी वाकडी बसवलीस.

इंद्रायणी (९ ऑगस्ट)

वाशिष्ठीकाठचा, तुमचा प्रश्न वाचून देहू आठवलं. तुकोबांनी आपली हकिगत स्वतःच सांगून ठेवली आहे. दुष्काळाने आटवलं, पत नाहीशी झाली, बायको अन्न अन्न करीत गेली, व्यवसाय बुडाला. त्यानंतर काय केलं? विठ्ठलाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं मनात आलं. कीर्तनाला उभं राहणं त्याच्या पुढे येतं. त्या क्रमाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. आधी माती-दगड, मग तोंडात नाम. मनात भाव पक्का झाला म्हणून देवळाला हात लावला असं ते म्हणत नाहीत. नुसतं, करावंसं वाटलं.

तुम्ही तुकोबा आहात असं म्हणत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘आधी पूजा मग दुरुस्ती’ असंच असलं पाहिजे, असंही काही नाही.

वाशिष्ठीकाठचा (२९ सप्टेंबर)

उशीर झाला. गणपती पाटावरच झाले. ही चार दिवस बोलत नव्हती, आता बोलते.

सध्याचा क्रम असा. पहाटे साडेपाचला जाग येते, ती डेपोची सवय. चहा घेऊन पडवीत बसतो आणि आठपर्यंत एकेक तुकडा स्वच्छ करतो. कापूस, स्पिरिट, जुना दात घासायचा ब्रश. एका खांबाला सहा दिवस लागले. कमानीच्या आतल्या बाजूला काजळीचा थर होता, निरांजनाचा. तो काढताना कापूस काळा व्हायचा आणि तुपाचा खवट वास यायचा. साठेक वर्षांचा धूर असेल तो. सगळा काढला नाही. मधल्या फुलाच्या खळग्यात थोडा राहू दिलाय.

मोबाईल आत ठेवतो. का ते माहीत नाही, हात खराब असतात म्हणून सुरुवात झाली. आंघोळ नंतर. नित्यनेम रागावतील.

परवा ही चहाचा कप न्यायला आली आणि म्हणाली, “झाली का तुमची पूजा?” टोमणाच होता. मी हो म्हणालो.

आता खरी गोष्ट. मागचा डावा खांब सुटता सुटत नव्हता. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे गरम बोळा ठेवला, ठोकला, शेवटी निघाला. सालीत कुसवाच्या बाजूला घडी घातलेला कागद होता. सैल सांध्यात पॅकिंग देतात तसं, आम्ही शिम म्हणतो ते. चिमट्याने काढला, वाळवला, हळूच उलगडला. कॅलेंडरच्या पानाची पट्टी. ऑगस्ट २००५. त्यावर पेन्सिलीने दुधाचा हिशेब, आईच्या अक्षरात. पहिले सहा दिवस ‘खाडा, खाडा, खाडा’. सातव्या दिवसापासून ‘१ ली.’

२००५ ला २६ जुलैला पूर आला होता ते इथल्या जुन्या लोकांना माहीत असेलच. तेव्हा आमच्या घरात तीनेक फूट पाणी होतं. म्हणून पुन्हा नीट बघितलं, तर खणाच्या वर चार बोटांवर दुसरी रेघ आहे. फिकट. तेल आणि काजळीखाली गेलेली, मी साफ केल्यावर वर आली. ताडपत्री पडेपर्यंत सोळा वर्षं रोज डोळ्यासमोर होती.

हिला विचारलं. ती म्हणाली, हो की, सासूबाईंनीच ठोकला होता तेव्हा, वरवंट्याने. तुम्ही कामावर होतात. “त्यांनी खोबरेल चोपडलं आणि गौरीच्या आधी देव मांडले. सांगितलं नाही कुणाला.”

वरवंट्याने! मी घरातला मेकॅनिक.

मास्तर, प्रश्न एवढाच. सरस लावताना ती पट्टी परत घातली तर सांधा धरेल का?

रंधामास्तर (२९ सप्टेंबर)

धरेल. कागद सरसात भिजवून घाला, जुनी युक्ती आहे. सरस आधी थंड पाण्यात रात्रभर भिजवा, मग एका भांड्यात पाणी आणि त्यात दुसरं भांडं ठेवून गरम करा. उकळू देऊ नका, बोट जेमतेम सहन करेल एवढाच गरम. उकळला की ताकद गेली. लावलात की लगेच जोडा, सुतळीने आवळा, चोवीस तास हलवू नका.

पण पट्टी भिजली की अक्षर पुन्हा कधी वाचता येणार नाही. आधी फोटो काढून ठेवा.

आणि खोबरेल वाळत नाही, धूळ धरतं, म्हणून एवढी काजळी बसली. आजींना सांगायला हवं होतं. असो.

नित्यनेम (३० सप्टेंबर)

आंघोळीवरून रागावलो नाही. सरसाबद्दल मत तेच आहे. पण आईंचा कागद आत जाणार असेल तर मी बोलणारा कोण.

वाशिष्ठीकाठचा (१२ जानेवारी)

धागा वर काढतोय, काम झालं म्हणून.

फोटो काढला आणि पट्टी परत घातली. मागची फळी सागाची मिळाली, एका पाडलेल्या घराच्या दाराची. अर्धा लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजवून मलमलमधून गाळली. कापसाच्या बोळ्यावर मलमल गुंडाळून पातळ हात दिले, नोव्हेंबरभर, एकूण चौदा. पहिले तीन हात फसले, बोळा एका जागी थांबला की ओरखडा पडतो. थांबायचं नाही, हे हाताला कळायला आठवडा गेला. जोरही लावायचा नाही. मी आयुष्यभर जोर लावूनच नट सोडवले.

रेघेचा निकाल हिच्याशी वाटाघाटी करून लागला. पुढच्या दोन खांबांवरची जेवढी स्पिरिट आणि अ‍ॅसिडने गेली तेवढी गेली, थोडी सावली राहिली आहे. मागच्या दोन खांबांवरच्या दोन्ही रेघा तशाच ठेवल्या आणि वरून पॉलिश केलं. तो भाग भिंतीकडे असतो. ही म्हणते, कुणाला दिसणार आहेत? मी म्हटलं, म्हणूनच तर तू हो म्हणालीस.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी देव आत मांडले. गुरुजींना बोलावलं नाही, हिने पंचामृताने न्हाऊ घातले. जास्वंदीची फुलं मी काढून आणली. पापडीची पोर, तुमच्या भावाला सांगा, माझा कळसही किंचित डावीकडे कललाय आणि ते हिने पहिल्याच दिवशी सांगितलं. निरांजनाखाली पितळी ताटली ठेवली आहे, लाख उष्णतेने मऊ होते म्हणून.

पहाटे अजून साडेपाचलाच जाग येते. आता पडवीत काम नाही. तीन-चार दिवस नुसता चहा घेऊन बसून पाहिलं, जमेना. मग उठून आंघोळ केली आणि देवांना पाणी घातलं. मंत्र निम्मे आठवले नाहीत. आईच्या वेळी ती म्हणायची, मी फक्त घंटा वाजवायचो.

एक तक्रार राहिली आहे. खण अडकतो. तीन वर्षं वाळून आकार बदलला असेल. रंधा मारू का?

रंधामास्तर (१२ जानेवारी)

रंधा अजिबात नको! पावसाळ्यात फुगेल, उन्हाळ्यात बसेल, एक वर्ष जाऊ द्या. तोवर खणाच्या खालच्या कडांना साधी पांढरी मेणबत्ती घासा.

वाशिष्ठीकाठचा (१३ जानेवारी)

घासली. आता इतका सरकतो की ओढला की कापराची डबी मागे जाते आणि हाताला लागत नाही.